वाफसा, चिखल आणि खारे पाणी

नर्सरीतून लाल मातीची पिशवी आणावी, ती कुंडीत भरावी, मोगरा किंवा तुळस लावावी आणि न चुकता रोज पाणी घालावे, तरी दोन महिन्यांत माती विटेसारखी आवळते. घातलेले पाणी मुरतच नाही. ते कुंडीच्या कडेने सुळकन खाली उतरते आणि ताटलीत साठते. नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या खिडक्यांतल्या ग्रिलमध्ये हे नेहमीचे दृश्य, आणि त्यावरचा सल्लाही नेहमीचाच: माती मोकळी करा. आता याच शहराला लागून असलेल्या पनवेल-उरणच्या किंवा पुढे पेणच्या खाचरात जुलै महिन्यात काय चालते ते पाहा. शेतकरी मोकळ्या मातीत पाणी कोंडतो, तीत नांगर किंवा पॉवर टिलर पुन्हा पुन्हा फिरवतो आणि पाय पोटरीपर्यंत रुतावा असा लगदा करून ठेवतो. कुंडीत ज्या कारणाने मोगरा गेला, तेच शेतकरी मुद्दाम घडवून आणतो आणि भात त्यावरच तरारतो. एकाची चूक ती दुसऱ्याची मशागत कशी?

हे कोडे सुटत नाही, कारण मशागत म्हणजे माती भुसभुशीत करणे ही समजूत आपण गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात मशागत मातीवर होतच नाही. ती होते मातीतल्या रिकाम्या जागेवर. पाणी कुठून जावे, कुठे थांबावे आणि हवेला किती वाट उरावी, हे पिकाच्या गरजेप्रमाणे ठरवणे म्हणजे जमीन तयार करणे. एकदा असे पाहिले, की कुंडी, खाचर आणि ज्या खार जमिनीवर नवी मुंबईचा बराच भाग उभा आहे ती खार जमीन, या तिन्ही गोष्टींचे शास्त्र एकच निघते.

निम्मी माती, निम्मी पोकळी

चांगल्या शेतजमिनीचा घनफूटभर तुकडा घेतला तर त्यातला साधारण निम्माच भाग घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे बारीक-मोठ्या पोकळ्या. त्यांतल्या मोठ्या पोकळ्यांतून पावसाचे पाणी वाहून जाते आणि मागोमाग हवा आत येते. बारीक पोकळ्यांत पाणी अडकून राहते आणि ते मुळांना पुढे कित्येक दिवस पुरते. मुळांना श्वास घ्यावा लागतो, हे आपण विसरतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. म्हणून सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे पाण्यात उभी असूनही गुदमरतात, आणि वर पाने मात्र तहानल्यासारखी माना टाकतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो.

या पोकळ्या टिकतात त्या मातीच्या कणांच्या गुठळ्यांमुळे. बुंदीच्या लाडवाचा दाखला इथे सोयीचा आहे. बुंदीचे दाणे पाकाने एकमेकांना चिकटलेले असतात, तरी दाण्यादाण्यांत फट राहते. मातीत पाकाचे काम कुजलेला पालापाचोळा, बुरशीचे तंतू आणि मुळांतून पाझरणारा चिकट रस करतात. हा पाक संपला की दाणे फुटतात, त्यांचे पीठ होते आणि ते पीठ फटी बुजवते. नर्सरीतल्या लाल मातीत बहुधा हा पाकच नसतो. रोजच्या पाण्याच्या माऱ्याने तिच्या गुठळ्या विरघळतात, चिकणमातीचे कण खाली बसतात, उन्हात सगळे आवळते आणि मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. मग त्या फटीतून पाणी पळते.

पोकळ्यांचे हे गणित ज्या अवस्थेत जमते तिला मराठीत वाफसा म्हणतात. एवढा नेमका शब्द आपल्या भाषेत असावा याचे श्रेय कुणा शास्त्रज्ञाला नाही, शेतकऱ्यालाच आहे. पाऊस पडून गेला आहे, मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून तिथे हवा आली आहे, बारीक पोकळ्यांत ओल शाबूत आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. वाफशापूर्वी नांगर घातला तर ओली माती फाळाला चिकटते, दाबली जाते आणि वाळल्यावर ढेकळांचे दगड होतात. वाफसा निघून गेल्यावर घातला तर जमीन फुटतच नाही किंवा तिची धूळ होते. पेरणीच्या पिकांची सगळी मशागत अशी दोन-चार दिवसांच्या त्या फटीत बसवावी लागते.

कणीक मळावी तशी जमीन

भातशेतीत मात्र वाफशाची वाट कुणी बघत नाही, कारण भाताची गरज वेगळी. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्या नळ्यांतून थेट मुळांपर्यंत उतरतो, म्हणून मातीत हवा नसली तरी भाताचे अडत नाही. पण पाण्याखाली उगवणारे बहुतेक तण या सोयीअभावी मरते. म्हणजे शेतात पाणी उभे ठेवता आले तर निम्मी खुरपणी वाचते. अडचण एवढीच की गुठळ्यांच्या मातीत पाणी उभे राहत नाही, ते झिरपून जाते. मग शेतकरी गुठळ्याच मोडतो.

कोरड्या पिठात पाणी ओतले तर ते खाली उतरते. तेच पीठ मळून गोळा केला तर वर ओतलेले पाणी वरच राहते. चिखलणीत नेमके हेच होते. पाण्यात भिजलेली माती सतत घुसळली की गुठळ्या फुटतात, चिकणमातीचे चपटे कण सुटे होतात आणि खाली बसताना पापडांच्या चळतीसारखे एकावर एक आडवे पडतात. त्यांच्यातून पाण्याला सरळ वाट उरत नाही. त्याखाली, वर्षानुवर्षे बैलांच्या खुरांनी आणि नांगराच्या तळाने दाबलेला एक घट्ट थर असतो. कोकणातल्या पावसात पाणी भरपूर असले तरी दोन सरींमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडते, आणि तेवढे दिवस खाचर ओले राहते ते या दोन थरांमुळे. शिवाय लगद्यात रोपाची मुळे नुसत्या अंगठ्याने दाबून बसवता येतात, ही लावणीची सोय वेगळीच.

याची किंमत पावसाळ्यानंतर मोजावी लागते. मोडलेल्या गुठळ्या आपोआप परत होत नाहीत. पाणी आटले की त्या लगद्याला भेगा पडतात आणि तो टणक होतो. म्हणून रायगडात भात कापल्यावर वालासारखे पीक उरलेल्या ओलीवर, जमीन फारशी न हलवता घेण्याची रीत पडली. चिखलणी केलेली जमीन पुन्हा वाफशावर आणण्याच्या खटाटोपापेक्षा जमिनीत उरलेली ओल वापरून मोकळे होणे बरे, असा तो हिशेब आहे.

जिथे नांगरापेक्षा पाऊस कामाचा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावरच्या आणि पनवेल-उरणच्या खाड्यांलगतच्या जमिनीत प्रश्न आणखी एका पायरीने अवघड होतो, कारण तिथे पोकळ्यांत नुसते पाणी नसते, खारे पाणी असते. भरतीचे पाणी अडवून खाडीच्या चिखलातून काढलेल्या या जमिनी म्हणजे खार जमिनी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, तसेच खाऱ्या मातीत मुळांचे होते: माती ओली असूनही ती मुळांना पाणी देत नाही.

उन्हाळ्यात तर हे मीठ आपणहून वर येते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशा मातीतल्या बारीक पोकळ्या खालचे खारे पाणी पृष्ठभागावर ओढतात. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मे महिन्यात खार जमिनीवर दिसणारा पांढरट थर तो हाच. पोकळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, म्हणून चिकण मातीत हा त्रास अधिक. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन इथे उपयोगी पडते ते खताच्या आधी या कारणासाठी, की ते ऊन अडवून वातीचे वरचे टोक झाकून ठेवते.

मग अशा जमिनीची पूर्वतयारी कशी करायची? उत्तर असे की ती मुख्यतः पावसाने करायची. या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका गुंठ्यावर तो मोजला तर अडीच लाख लिटर भरतो. त्यातले पुष्कळ वाहून गेले तरी उरलेले पाणी मीठ विरघळवून खाली दाबायला आणि बाहेर काढायला पुरे पडते. अट एकच: गोडे पाणी बाहेर जावे आणि खाडीचे पाणी आत येऊ नये. त्यासाठी बांध, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त असतो, झडप उघडते. भरतीला बाहेरचा दाब वाढतो, झडप आपोआप मिटते. ना वीज, ना पहारेकरी. खार जमिनीची खरी अवजारे कुठली असे कुणी विचारले तर नांगराच्या आधी या दोहोंची नावे घ्यावी लागतील.

जुन्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत असे बांध घालून जमीन काढणाऱ्यांसाठी शिलोत्री नावाची वेगळी वहिवाटच होती, आणि बांधाच्या डागडुजीसाठी कसणाऱ्यांकडून भात घेतले जाई. 1948 मध्ये मुंबई सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला, 1979 मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. बांधाची डागडुजी हा राज्याच्या कायद्याचा विषय व्हावा, यातच त्याचे महत्त्व दिसते. बांध एकदा फुटला, की अनेक पावसाळ्यांनी धुतलेली जमीन एका उधाणाच्या भरतीत पुन्हा खारट होते.

खार जमिनीतली जुनी पेरणीही याच तर्काने चालत असे. नांगरट फार करायची नाही, कारण खालचा थर वरच्यापेक्षा खारट. तो उलथून वर आणला तर पावसाने केलेले काम फुकट. जमीन पावसाने पुरती भिजू द्यायची, बियाणे भिजवून, ढीग करून, उबेत मोड आणायचे आणि ते चिखलावर फोकायचे. याला रहू म्हणतात. भाताचे बी उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसते, कोवळे रोप सोसत नाही. म्हणून आधी जमीन धुतली जाणे आणि मग बी पडणे हा क्रम महत्त्वाचा. वाणही तसेच निवडलेले असत, भुरा रता आणि काळा रता ही त्यांतली नावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे, आणि पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 हे क्षार सोसणारे भाताचे वाण तिथलेच.

जिप्सम टाकले की खार जमीन सुधारते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. चिकणमातीच्या कणांना धरून ठेवायला कॅल्शियमला जणू दोन हात असतात, सोडियमला एकच. सोडियमने जागा अडवली की कण एकमेकांना धरत नाहीत, गुठळ्या सुटतात आणि निचरा बंद पडतो. गंमत अशी की पाणी खूप खारे असते तोवर कण एकत्र राहतात. पावसाने मीठ धुतले आणि सोडियम मागे राहिला की माती बिघडू लागते. जिप्सममधला कॅल्शियम तिथे सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. उघाडी गाळाने बुजलेली असेल तर जिप्समचा पैसा पाण्यात गेला असे समजावे.

राब: आगीची मशागत

खाडीपासून वर सरकून डोंगराकडच्या, गोड्या जमिनीत आले की पूर्वतयारीचा तिसरा प्रकार दिसतो: राब. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, त्यावर झाडांचे टहाळ आणि पालापाचोळा, त्यावर गवत आणि शेवटी मातीचा पातळ थर रचायचा, आणि वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध, सावकाश, धुमसत जाते. भडका उडवायचा नसतो, जमीन भाजायची असते.

इंग्रज वनखात्याला यात निव्वळ जंगलाचा नाश दिसला. टहाळ तोडण्यावरच्या निर्बंधांनी ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष माजला की 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा अभ्यास करून 1912 मध्ये तो प्रसिद्ध केला. राखेतून पोटॅश मिळते हे तर उघड आहे, पण आच जमिनीला लागते तिचेही काम मोठे असते. तणांचे बी मरते. जमिनीतले असंख्य सूक्ष्म जीव मरतात आणि त्यांच्या शरीरांतला नत्र कोवळ्या रोपांना मिळतो. आणि आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे: भाजलेल्या चिकणमातीचा चिकटपणा जातो, ती रवाळ होते. त्यामुळे लावणीच्या वेळी रोपे उपटताना मुळे तुटत नाहीत. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एकाच शेतात रोपवाटिकेची माती रवाळ हवी आणि शेजारच्या खाचरातली लगदा हवी. मोकळी माती चांगली की घट्ट, हा प्रश्नच चुकीचा आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

राबाचे समर्थन मात्र आज करता येणार नाही. हेक्टरभर लावणीला साधारण दहा आर रोपवाटिका लागते, तेवढ्यासाठी दरवर्षी डोंगर बोडका करणे आणि खत होऊ शकेल असा पाला धुरात घालवणे परवडणारे नाही. रवाळपणा आणि निचरा उंच गादीवाफा व कुजलेले खत यांतूनही साधतो. राब अडाणीपणाचा होता म्हणून सोडायचा असे नाही. तेच काम आता स्वस्तात होते, म्हणून सोडायचा.

मग चिखल न करताही भात कसा येतो?

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. चिखलणी भाताची गरज असेल, तर कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी, नांगरणी आणि लावणी या तिन्हींशिवाय भात कसा येतो? तिथे एकदाच गादीवाफे करतात, साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकतात, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात. कुजलेल्या मुळांच्या जागी नळ्या तयार होतात, गांडुळे वाढतात आणि पोकळ्यांची बांधणी वर्षागणिक सुधारते. पुढच्या पिकासाठी जमीन फोडावी लागत नाही, हा मोठा लाभ.

हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळच देतो. भाताला चिखल लागत नाही; चिखल लागतो तो तण मारायला आणि पाणी धरायला. ती कामे दुसरीकडून झाली, तर चिखलणी गाळता येते. सगुणा तंत्रात तणाचे काम बरेचसे तणनाशकावर पडते, आणि ही त्याची दुखरी बाजू आहे. खार जमिनीत तर हेच तंत्र जसेच्या तसे नेणे धोक्याचे ठरेल, कारण उंचवट्याच्या माथ्यावर पाणी सुकते आणि मीठ तिथेच जमते. तिथे साचलेल्या गोड्या पाण्याचा दाब हवाच.

> चौकट: मूठ आणि बरणी
> वाफसा आला का हे कळायला मूठभर माती दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने टोचावा. गोळा फुटून भुरभुरला तर वाफसा आहे. नुसता खळगा पडला तर अजून ओल जास्त आहे. गोळाच झाला नाही तर वाफसा गेला (किंवा माती फार रेताड आहे). माती कोणत्या जातीची हे पाहायला काचेच्या बरणीत एक भाग माती आणि दोन-तीन भाग पाणी घालून जोराने हलवावे. मिनिटभरात बसते ती वाळू, तास-दोन तासांत बसतो तो गाळ, दुसऱ्या दिवशीही वरचे पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. थरांची जाडी पट्टीने मोजावी.

भरावावरचे शहर

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. त्यात आगरी-कोळ्यांची खार शेते आणि मिठागरेही आली. पाण्याचे शास्त्र मात्र तसेच राहिले: भरतीचे पाणी अडवून पावसाचे पाणी ओहोटीत सोडण्यासाठी वाशी, नेरूळ, बेलापूरला धारण तलाव आणि त्यांना झडपा आहेत. कामाने पाहिले तर त्या उघाड्याच.

जमिनीचे मात्र उलटे झाले. खाडीच्या मऊ चिखलावर मुरूम टाकून त्यावर रोलर फिरवला गेला. इमारत आणि रस्ता यांसाठी हे योग्यच, कारण तिथे पोकळी म्हणजे दोष. झाडासाठी तीच जागा म्हणजे फरशी. सोसायटीच्या आवारात दोन फुटांचा खड्डा खणून त्यात उत्तम माती-खत भरले, तरी चारी बाजू आणि तळ घट्ट राहतात आणि जुलैत त्या खड्ड्याचा हौद होतो. रोप कुजते, आणि नर्सरीवाल्याला दोष दिला जातो. कुंडीच्या तळाशी खडी घालण्याचा प्रघातही असाच फसवा. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही; वरची माती पुरती भरेपर्यंत ते तिथेच लटकून राहते. खडीने निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. चिकण मातीत मूठभर वाळू मिसळण्याचा सल्ला तर उलटाच पडतो: वाळूच्या फटी चिकणमाती भरून टाकते आणि सिमेंटच्या मालासारखे मिश्रण तयार होते. वाळू घालायचीच तर निम्म्याहून अधिक घालावी लागते. त्यापेक्षा कुजलेले खत स्वस्त पडते आणि गुठळ्यांना पाकही मिळतो.

यंदाच्या पावसाळ्यात झाड लावणार असाल तर खड्डा खणल्यावर, माती आणि रोप आणण्याआधी, त्यात एक बादली पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच दिसले, तर खताची पिशवी बाजूला ठेवा आणि पहार घेऊन खड्ड्याचा तळ आणि बाजू आधी फोडा.